चिपटे, कप आणि चमचा

भगिनींनो, आमच्या आईचा हिशेब साधा : चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आता सुना कृती वाचतात त्या कपाच्या नि चमच्याच्या. तेही सोपेच आहे. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा; असे तीन म्हणजे मोठा चमचा, आणि सोळा मोठे चमचे म्हणजे २४० मिलिलिटरचा कप. पण माप म्हणजे वजन नव्हे. कपभर साखर भरते सुमारे २०० ग्रॅम, तेवढीच कणीक १२०च्या आसपास. चमचा नेहमी शीग काढून सपाट भरा. शिऱ्यात कमी-जास्त खपून जाते, फवारणीच्या औषधात नाही. म्हणून गावोगाव सांगतो तेच इथे सांगतो : औषधाचे माप वेगळे असू द्या, औषधाबरोबरच कुलपात ठेवा. धुतले तरी ते चुलीपाशी आणू नका.