दिंडी आणि टोळी

पुणे जिल्ह्यात अशी काही गावे आहेत की ज्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात, पण जी फार थोड्यांनी पाहिलेली असतात. पाटस हे त्यांतले एक. बारामतीला जाणारा पाटसला वळतो. सोलापूरला जाणारा पाटसच्या टोलनाक्याशी क्षणभर थबकतो. आगगाडीने येणाऱ्याला पाटसचा फलाट दिसला, की आता दौंड आले म्हणून तो फळीवरची पिशवी खाली काढू लागतो. एकंदरीत पाटसला लागणारी बहुतेक माणसे दुसरीकडे कुठे तरी निघालेली असतात. गावाला याचे वैषम्य वाटत असल्याचे मात्र दिसत नाही. फाट्यावरचा चहा तो येणाऱ्याजाणाऱ्यांच्याच जिवावर उकळत असतो.

या मुलखात खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी खेळते. तेव्हा ‘पाट’ या शब्दावरून पाटसची व्युत्पत्ती लावून टाकावी, असा मोह माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला होणे स्वाभाविक आहे. पण गाव कालव्याहून पुष्कळ जुने आहे, म्हणून तो मोह मी आवरला. मला सांगायचे आहे ते पाटसच्या नावाविषयी नव्हे, तर पाटसच्या वाटेवरून दरवर्षी जाणाऱ्या दोन बिऱ्हाडांविषयी. एक बिऱ्हाड ज्येष्ठाच्या अखेरीस येते, दुसरे दिवाळीनंतर. मी दोन्ही पाहिली, आणि तेव्हापासून ‘सर्वांना आरोग्य’ हे शब्द कानांवर पडले, की मला ही दोन्ही शेजारीशेजारी दिसू लागतात.

पहिले बिऱ्हाड तुम्हा सर्वांच्या परिचयाचे आहे. तुकोबारायांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसला येते आणि तिथून रोटीच्या घाटाने उंडवडीकडे चालू लागते. मी गेलो त्या दिवशी पाऊस नुसता भुरभुरत होता. रस्त्याच्या कडेला आरोग्य खात्याच्या पथकाने कापडी मांडव टाकला होता. आत एक टेबल, चार खुर्च्या, औषधांची खोकी आणि बाहेर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका. परभणीकडचे एक वृद्ध वारकरी टाचेला फोड आले म्हणून येऊन बसले. परिचारिकेने त्यांचे नाव आणि वय लिहून घेतले आणि विचारले, “बाबा, कुठं दुखतंय?” तिने फोड धुतला, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. शिधापत्रिका मागितली नाही, रहिवासाचा दाखला मागितला नाही. चालणारा माणूस हीच त्याची ओळख, आणि तेवढी पुरेशी होती.

पालखीबरोबर अशी पथके वाटभर असतात. पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण होते, लहान मुलांच्या आयांसाठी कक्ष उभारले जातात. २०२३ पासून या कामाला ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ असे नावही मिळाले आहे. लाखो माणसे रोज गाव बदलत पंढरपूरपर्यंत जातात, आणि सरकारी दवाखाना त्यांच्यामागून चालत जातो. सरकारी काम म्हटले की नाक मुरडायची आपल्याला सवय आहे. पण त्या दिवशी मी मनात हात जोडले ते पालखीला, आणि त्या परिचारिकेलाही.

दुसऱ्या खेपेस मी पौषात गेलो. पुण्याहून पॅसेंजर गाडी धरली. वाटेत केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि रस्त्यावर टाकलेल्या मुलींना, विधवांना घेऊन आली. १८९८ मध्ये त्यांचे घर केडगावच्या माळावर उभे राहिले. त्या मुली कोणत्या गावच्या आणि कोणत्या जिल्ह्याच्या खर्चात धरायच्या, हा हिशेब रमाबाईंनी आधी केला नाही. तो करत बसल्या असत्या, तर हिशेब बिनचूक झाला असता आणि मुली मेल्या असत्या. गाडी केडगावहून सुटली तेव्हा हा विचार सहज मनात आला. दुपारी त्याची पुन्हा आठवण होईल, असे मात्र वाटले नव्हते.

पाटसला माझा एक जुना विद्यार्थी शेती करतो. त्याच्या उसाला तोड आली होती. गावात भीमा सहकारी साखर कारखाना आहे, तालुक्यात आणखीही कारखाने आहेत. हंगाम आला की या पट्ट्यात बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा भागांतून टोळ्या उतरतात. त्यांच्या भाषेत नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तोडायचे. एक दिवस काम चुकले, तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे मजुराच्याच अंगावर पडतात. भाषेचा मास्तर म्हणून मी हे शब्द वहीत टिपून घेतले. पुढे लक्षात आले, की या दोन शब्दांतच सारे अर्थशास्त्र आहे. दोन माणसे मिळून एक कोयता होतो, आणि आजारपण मिळून खाडा.

संध्याकाळी विद्यार्थ्याबरोबर मी कोप्यांकडे गेलो. पाचट आणि ताडपत्री यांची ती घरे. एका कोपीपुढे विशीतली एक सून चुलीशी वाकून भाकरी थापत होती. आठवा महिना असावा. सासूने तांदळाच्या डब्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कार्ड काढून दाखवले. त्यावर गावाकडच्या नर्सबाईंनी केलेल्या नोंदी सुवाच्य अक्षरांत होत्या. दिवाळीपर्यंतच्या. पुढचे रकाने कोरे.

“मावशी, इथला सरकारी दवाखाना फुकट आहे. नेलं नाही का हिला?” मी विचारले.

म्हातारी हसली. “दवाखाना फुकट हाय, सर. पर दिस कुठं फुकट हाय?”

मी पुष्कळ वर्षे वर्गात अलंकार शिकवले आहेत. पण समाजकल्याणावर इतके नेमके वाक्य मी ऐकलेले नाही.

आता हे वचन आपल्याला कोणी आणि काय दिले होते, ते थोडे पाहिले पाहिजे. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणाचे उपचार अडू नयेत, आणि दवाखाना लोकांच्या शक्य तितका जवळ असावा, ही त्यातली दोन मुख्य सूत्रे. त्याच सुमारास, ५ जुलै १९४८ रोजी, इंग्लंडनेही सर्वांना मोफत वैद्यकसेवा सुरू केली. आणि १९५१ साली चष्मे व कवळ्या यांवर पैसे आकारायचे ठरले, तेव्हा ती सेवा उभी करणाऱ्या बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. म्हणजे वचन पाळणे श्रीमंत देशालाही सोपे गेले नाही. आपल्याकडे १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली. १९७८ मध्ये अल्मा-अता येथे साऱ्या जगाने मिळून इसवी सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य देण्याचे ठरवले. ते साल केव्हाच मागे पडले.

तरीही काहीच झाले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. देवी गेली, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते, आणि २०२४ पासून तिचे दार राज्यातल्या सर्व कुटुंबांना, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत, उघडले आहे. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत २०२३ च्या १५ ऑगस्टपासून उपचारांचे पैसे घेत नाहीत. एका राज्याने कागदावर इतके करावे, ही लहान गोष्ट नव्हे.

मग पाटसच्या त्या कोपीपर्यंत हे सारे का पोहोचत नाही? मला वाटते, याचे कारण पैशात जितके आहे त्याहून अधिक पत्त्यात आहे. सपाटीच्या मुलखात तीस हजार वस्तीला एक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र, असे आपले प्रमाण आहे. ही वस्ती जनगणनेतली. पौषात पाटसच्या शिवारात उतरलेली माणसे पाटसच्या आकड्यात नाहीत, आणि ज्या आकड्यात आहेत तिथे त्यांच्या घराला कुलूप आहे. गावाकडच्या नर्सबाईंच्या यादीत ती सून ‘स्थलांतरित’ आहे. इथल्या यादीत ती नाहीच. इथल्या आशाताई कोप्यांवर येत नाहीत असे नव्हे. विद्यार्थी म्हणाला, त्या येतात. पण येतात त्या दिवसा, तेव्हा कोप्यांत म्हातारी आणि तान्ही मुले असतात. बाया पहाटेच फडात गेलेल्या. आशाताईंचा यात काय दोष? त्यांना आपल्याच गावाची घरे पुरून उरतात.

शिवाय आपल्या योजना शस्त्रक्रियेचे पैसे देतात. चुकलेल्या दिवसाचे देत नाहीत. त्याचा परिणाम किती भयंकर होतो, हे २०१९ साली बीडने दाखवले. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जी माहिती आली तीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीचा त्रास झाला, अंगावर दुखणे काढले, खाडा परवडेना, म्हणून दुखण्याचे मूळच काढून टाकण्याचा सल्ला मानला गेला. साध्या तपासणीला जिला एक सुटीचा दिवस मिळत नाही, तिला मोठ्या शस्त्रक्रियेला मात्र वाट सापडते. असे कल्याण उफराटे नाही काय?

कोणी म्हणेल, फिरत्या माणसांची व्यवस्था लावणे अवघडच. इथेच मला ज्येष्ठातला तो मांडव आठवतो. अवघड असते, तर पालखीबरोबर दवाखाना चालला नसता. पोलिओचे डोस देणारी माणसे स्थानकांवर, वीटभट्ट्यांवर, पालांवर गेली. त्यांनी पत्ता विचारला नाही, बोटावर शाईची खूण केली आणि पुढच्या पोराकडे वळली. म्हणजे युक्ती आपल्याला येते. फरक एवढाच, की दिंडीकडे साऱ्या महाराष्ट्राचे डोळे लागलेले असतात, आणि टोळी अंधारात येते, अंधारात जाते. दिंडीचे आपण यजमान होतो. टोळीचे आपण गिऱ्हाईक असतो.

करायचे ते फार मोठे नाही. हंगाम सुरू झाला, की पहिल्या आठवड्यात प्रत्येक अड्ड्यावरची डोकी मोजावीत आणि त्या अड्ड्याला सहा महिन्यांपुरती गावची वाडी समजावे. नर्सबाईंची फेरी गाड्या भरून झाल्यावर संध्याकाळी ठेवावी, आणि त्यासाठी आणखी माणूस नेमावा. गावाकडचे कार्ड इथे पुढे चालू व्हावे. आणि बाळंतपणाच्या व आजारपणाच्या दिवसाचा खाडा मजुराच्या अंगावरून काढून घ्यावा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि तितकेच सरकारने द्यायचे, असे ठरलेले आहे. त्या रुपयांतून एवढा दिवस विकत घेता आला, तर म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर मिळेल.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाची ताटे फिरत असतील, आणि चहात साखर असेलच. त्याच दिवसांत मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांवर भांडी, अंथरूण, कोंबड्या आणि पोरे गाड्यांत चढत असतील. टोलनाक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीचा क्रमांक टिपून घेणारे यंत्र पाटसला आहे. त्या गाड्यांत अंथरुणावर बसलेली आठव्या महिन्याची बाई टिपून घेणारे कोणी यंदा तरी असेल काय?