नरांची पोळी

चि. अभय,

तुझं पत्र परवा आलं. मधमाश्यांची नवी राणी कोषातून बाहेर पडून नऊ दिवस झाले, अजून अंडं दिसत नाही, तेव्हा उत्तरेकडून इटालियन राणी मागवू का म्हणतोस. अरे, आपल्या देशी सातेरी माश्यांच्या पेटीत इटालियन राणी? कामकरी तिला जिवंत ठेवायच्या नाहीत. मधाच्या गावाला, मांघरला, गेलो होतो तेव्हा फोटो काढण्याऐवजी कान उघडे ठेवले असतेस, तर हे विचारावं लागलं नसतं.

नऊ दिवसांत काही बिघडत नाही. नवी राणी पाच-सहा दिवस नुसती वयात येते. मग स्वच्छ दुपारी उडते, अनेक नरांशी हवेतच मीलन करते आणि दोन-तीन दिवसांनी अंडी घालू लागते. तिकडे अवकाळी पाऊस झालाय, म्हणजे सगळं पुढे गेलं. पण तू रोज धूर देऊन पेटी उघडतोस, त्याला काय म्हणावं? दुपारी तर अजिबात उघडू नकोस. त्याच वेळी राणी परतत असते, गोंधळली तर भलत्या पेटीत शिरते आणि मारली जाते. सातेरी वैतागली तर पेटी सोडून निघून जाते, निरोप ठेवत नाही.

मला राग आला तो पत्राच्या शेवटच्या ओळीचा. ‘नरांची पोळी कापून टाकली, फुकटचं खातात.’ हे तुला शिकवलं कोणी? अंड्यापासून राणी 16 दिवसांत तयार होते. नराला 24 लागतात, वर वयात यायला आणखी आठवडा-दीड आठवडा. म्हणजे राणीचा विचार करण्याआधी नरांची सोय हवी. आपल्याकडे जो तो राणीचं कौतुक करतो आणि नरांना आयतोबा ठरवतो. त्या दुपारी राणीला नर भेटले नाहीत, तर तुझी सुंदर राणी काय कामाची? मधमाश्यांचा अभ्यास करणाऱ्या अंध ह्यूबरने 1792 च्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की मीलनाला तीन आठवड्यांहून उशीर झालेली राणी पुढे नरांचीच अंडी घालते. त्याला मदतनिसाच्या डोळ्यांनी जे दिसलं, ते तुम्हाला धडधाकट डोळ्यांनी दिसत नाही.

आणि ते नर एकट्या तुझ्या पेटीतले पुरत नाहीत, आजूबाजूच्या वसाहतींतलेही लागतात. जुनी झाडं तोडली, ढोल्यांतली पोळी जाळली, मग राणी अंडी का घालत नाही म्हणून तक्रार करायची! आमच्या लहानपणी ओढ्याकाठच्या प्रत्येक म्हाताऱ्या झाडात एक पोळं असे. आजोबा त्यांतलं एकही पुरतं काढू देत नसत, हे तुझ्या आईला विचार.

राणी बाहेर आल्यापासून तीन आठवडे होईपर्यंत थांब. कामकरी पोळ्यातली घरटी घासूनपुसून लख्ख करताना दिसल्या, पराग घेऊन येत असल्या, तर धीर धर. मग सकाळी एकच चौकट उचल. घरट्याच्या तळाशी एकेकच अंडं, दोऱ्याच्या तुकड्यासारखं उभं, असेल तर झालं. एका घरट्यात तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली, तर कामकरीच घालू लागल्या समज. मग वाट बघू नकोस, मला फोन कर. मला भीती त्याचीच आहे. तुझ्याकडे पेट्याच दोन, त्यातली एक गमावून चालणार नाही.

आणखी एक. शेजाऱ्यांच्या जांभळाच्या ढोलीतलं पोळं काढून घ्या, असं तूच त्यांना सुचवलंस ना? आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा आणि तसं करू नका म्हणून सांग.

तुझा,
मामा