उगाच

परवा धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर चर्चच्या आवारात काही मुले एका भटक्या कुत्र्याला दगड मारीत होती. मी ओरडताच सारी पळाली. एकटा हाती लागला. ‘‘का मारलास रे?’’ ‘‘उगाच, फादर,’’ तो म्हणाला. मी त्याला रागावलो खरा. परंतु त्या एका शब्दाने मला चाळीसेक वर्षे मागे नेले.

वसईतल्या आमच्या वाडीत एक तांबडी कुत्री होती. माझ्या हातची शिळी भाकरी खाऊन ती माझी झाली होती. एका नाताळच्या सुटीत थोरल्या मुलांनी तिच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधायचे ठरविले. ती कुणाला सापडेना, म्हणून त्यांनी मला बोलाविले. मी हाक मारली, ती आली. मी तिची मान धरून ठेवली. ती वाचली, मात्र माझ्या हाकेला पुन्हा कधी आली नाही. आईने जाब विचारला तेव्हा मीही म्हणालो होतो, ‘‘उगाच.’’

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेची व्याख्या आहे. मारहाण करणे, अतिभार लादणे, आजारी जनावर कामाला जुंपणे, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे, पुरेसे अन्नपाणी न देणे, पाळलेला प्राणी सोडून देणे हे सारे तीत येते. म्हणजे हात उगारणेच नव्हे, तर हात आखडता घेणे हीदेखील क्रूरताच! पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. प्राण्याला ठार वा जायबंदी केल्यास २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

अन्नासाठी प्राण्याचा उपयोग कायदा मान्य करतो, तसाच आपल्या ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही. दोघांचाही आक्षेप आहे तो अनावश्यक यातनांना, म्हणजे त्या ‘उगाच’लाच.

परंतु ‘उगाच’ खरोखर उगाच असते का? बायबलमधील गणना या पुस्तकात बलामाची गोष्ट आहे. वाटेत उभा असलेला देवदूत गाढवीला दिसला, बलामाला दिसला नाही. ती अडली म्हणून त्याने तिला तीनदा मारले. कारण विचारल्यावर तो सांगतो, की तिने माझी फजिती केली. दुखावलेला अहंकार दुर्बळाची पाठ शोधतो, तो असा. कचेरीत अपमान गिळलेला माणूस दारातल्या मांजराला लाथ घालतो. घरी मार खाल्लेले पोर कुत्र्यावर दगड उचलते. माझे कारण वेगळे होते. थोरल्यांनी मला भित्रा म्हणू नये, एवढ्यासाठी मी एका मुक्या जिवाचा विश्वास विकला. प्रभूला विकणाऱ्याची ओळखही जवळिकीचीच होती, हे मला सेमिनरीत गेल्यावर उमगले.

प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणसांशीही तसाच वागू लागतो, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात बजावले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तीच जाणीव करून दिली.

पालकहो, आपल्या मुलाने प्राण्याला इजा केली तर त्याला थांबवा, जरूर समज द्या. पण ‘उगाच’ या उत्तरावर समाधान मानू नका. त्याला जवळ बसवून पुन्हा विचारा. कदाचित त्याच्या मनातली एखादी जखम दिसेल. कदाचित ती आपल्याच हातची असेल.