गुडघ्याचे महात्म्य

मराठी भाषेने गुडघ्याला फारसा मान दिलेला नाही. मूर्खाची अक्कल ती गुडघ्यात ठेवते, उतावळ्याचे बाशिंग गुडघ्याला बांधते आणि हरलेल्याला गुडघे टेकावयास लावते. परंतु हाच उपेक्षित अवयव एकदा कुरकुरू लागला की सारे घर त्याच्या तंत्राने चालू लागते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आमच्या मातोश्री मूळच्या गोव्याच्या. बिऱ्हाड मात्र दिलसुखनगरात, दुसऱ्या मजल्यावर. दर गुरुवारी साईबाबांच्या देवळात जाण्याचा त्यांचा नेम जिन्याच्या पायऱ्यांनी मोडला. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र पाहून झिजेचा संधिवात सांगितला व वेदनेसाठी 'शॉक वेव्ह' उपचार सुचविला. 'शॉक' शब्द कानी पडताच मातोश्रींच्या डोळ्यांपुढे विजेची तार उभी राहिली. "पुता, म्हाका शॉक नाका!" असे त्यांनी निक्षून सांगितले.

वस्तुतः या उपचारात अंगात वीज सोडीत नाहीत. ध्वनीप्रमाणेच दाबाचे हे तरंग. कातडीवर मलम लावून यंत्राच्या मुठीने त्यांचे ठोके आत पोहोचवितात. याची जन्मकथा मोठी मौजेची आहे. जर्मनीतील डॉर्निये ही विमाने बांधणारी कंपनी. अतिवेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले असता उठणाऱ्या आघात-लहरींचा तिने अभ्यास केला. त्या अभ्यासातून असे यंत्र निपजले की, १९८० साली म्यूनिक येथे रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा शस्त्र न लावता फोडता आला. पुढे या लहरी टाचेच्या व कोपराच्या चिवट दुखण्यांवर वापरल्या जाऊ लागल्या आणि तेथून गुडघ्यापर्यंत आल्या.

मातोश्री अखेर राजी झाल्या. आठवड्याला एक, अशा काही बैठका झाल्या. ठोके बसताना त्या ओठ घट्ट मिटून घेत. पण हळूहळू वेदना उतरली आणि एके सकाळी त्या कठडा न धरता जिना उतरल्या. घरात आनंदीआनंद झाला. व्यायामाला मात्र त्यांनी लगेच रजा दिली!

डॉक्टरांनी तेव्हा स्पष्ट सांगितले, "दुखणे कमी झाले, गुडघा नवा झाला नाही." कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून झिजलेली कूर्चा सहसा भरून येत नाही. काही रुग्णांवर खरे यंत्र व काहींवर नुसता आवाज करणारे खोटे यंत्र चालवून या उपचाराच्या परीक्षा झाल्या आहेत. काही परीक्षांत खऱ्या यंत्राने वेदना अधिक कमी झाली. तथापि हा गुण किती काळ टिकतो, याविषयी तज्ज्ञांचे एकमत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून या वाटेला जाऊच नये. मांडीचे स्नायू बळकट करणे व वजन आटोक्यात ठेवणे, हे जुनेच उपाय आजही पायाभूत मानले जातात. लहरींनी मिळालेली उसंत व्यायामासाठी वापरावयाची असते, उशीला टेकून बसण्यासाठी नव्हे.

आता आमच्या घरी रोज संध्याकाळी मातोश्री खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ उचलतात आणि त्यांची नात मोठ्याने आकडे मोजते. आजीने एखादा आकडा चोरला, तर तिला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याही घरी अशी आजी असेल. तिच्यासाठी यंत्र आणणे तुमच्या हाती नाही. दहापर्यंत आकडे मोजणे खासच आहे.