टोचऱ्या घोंगडीची गोष्ट

कुर्डुवाडी

चि. सोनूस,


पंढरपूरहून नेलेली घोंगडी टोचते, लोकर नीट विंचरली नव्हती का, असं तू विचारलंस. विंचरण्याचा दोष नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीत राठ केस भरपूर. कोकराचं पहिलं जावळ तेवढं मऊ.

कातण्याआधी त्या लोकरीवर किती हात फिरतात! धनगर साधारण वर्षातून दोनदा मेंढरं कातरतात. मग काळी-पांढरी लोकर वेगळी करायची, काटेकुटे वेचायचे आणि पिंजायची. युरोपात त्यासाठी तारेचे दात बसवलेल्या दोन फळ्या एकमेकींवर ओढत. आपली धनुकली विंचरत नाही. लाकडी दांडा, त्यावर ताणलेली आतड्याची तात. तात लोकरीच्या ढिगात धरून तिच्यावर लाकडी ठोकळा मारला की ती थरथरते, गुंता सुटतो, तंतू फुलून उडतात, माती खाली गळते. पिंजण कच्ची राहिली तर सूत गाठाळ होतं, मग कातणारीचा हात कितीही चांगला असो. विणायचं काम सणगरांचं आणि ताण्याला चिंचोक्याची खळ.

कापसाचंही तसंच, तोही आधी पिंजावा लागतो. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी सुरू झाली, तेव्हा आपल्या स्टेशनाला बार्शी रोड म्हणत. बार्शीचा कापूस इथूनच मोठ्या गाडीला लागे. तो गिरण्यांकडे गेला, तरी गाद्यांचा कापूस दारोदार पिंजारीच पिंजत राहिला.

चरख्याचं चित्र झेंड्यावर गेलं, धनुकलीचं नाव मात्र कुणी घेत नाही. हा अन्याय आहे. गांधीजींच्या आत्मकथेत पाहा. चरख्याच्या शोधात निघालेल्या गंगाबहेनना गुजरातेतल्या विजापूरला चरखे सापडले, पण पेळूंशिवाय, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्यांशिवाय, कातणार काय? आधी ते उमर सोबानींच्या गिरणीतून येत. गिरणीचे पेळू घेणं गांधीजींना पटेना. शेवटी गंगाबहेननी पिंजारी शोधला, त्यानं महिना पस्तीस रुपये मागितले. त्या काळी ही थोडी रक्कम नव्हे, पण गांधीजींना ती जास्त वाटली नाही. त्यानं पिंजलेल्या कापसाचे पेळू वळायला गंगाबहेननी पोरांना शिकवलं, तेव्हा कुठे विजापूरच्या चरख्यांना गिरणीवाचून पेळू मिळाले.

घोंगडी वॉशिंग मशीनमध्ये मुळीच टाकू नकोस. गरम पाण्यात घुसळली की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात आणि ती आकसते, मग काही केलं तरी सैल होत नाही. उन्हात टाक, झटक, धुवायचीच असेल तर गार पाण्यात, न पिळता.

तुझी आत्या