वकील कुणाचा?

आम्ही जत तालुक्यातली माणसं. घरात दखनी, बाजारात कानडी, शाळेत मराठी. पण कोर्टाची पायरी चढलो की तिन्ही भाषांतले शब्द एकच होतात : वकील, जामीन, फिर्याद, कैद, तारीख. त्यातला ‘वकील’ आम्हाला लहानपणापासून आणखी दोन ठिकाणी भेटलेला असतो. अल्लाहच्या नव्याण्णव नावांत ‘अल-वकील’ हे एक नाव आहे. ज्याच्यावर आपला मामला सोपवून निर्धास्त व्हावं, तो. आणि निकाहात नवरीचा वकील असतो. तो तिच्या विश्वासातला असतो, तिची मर्जी विचारून तिच्या वतीने बोलतो. म्हणजे वकिलीचं मूळ नुसत्या कायद्याच्या ज्ञानात नाही, भरवशात आहे.

संविधानाच्या कलम २२ (१) मध्ये हाच भरवसा लिहिलेला आहे. अटक झालेल्या माणसाला ‘आपल्या पसंतीच्या’ वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकडून बचाव करून घेण्याचा हक्क आहे. पसंती हा शब्द महत्त्वाचा. पण आमच्याकडे पसंती करतो कोण?

बांधावरून भावकीत मारामारी होते. फिर्यादीत पाच नावं पडतात. थोरला वकील ठरवतो, पाचही जणांच्या सह्या-अंगठे होतात. फी वाटून जाते, सोय होते. तारखा पडू लागल्यावर उलगडतं की काठी एकानेच मारली, दुसरा सोडवायला धावला होता, आणि तिसरा त्या दिवशी मिरजेला दवाखान्यात होता. सोडवणाऱ्याचा बचाव एकच : मी नाही, त्याने मारलं. पण तसं म्हटलं की थोरला अडकतो. एकच वकील दोघांची बाजू कशी मांडणार? मग ज्याने फी दिली त्याचा आवाज उरतो आणि धाकटा गप्प बसतो. उसाच्या ट्रॅक्टरचा अपघात झाला की ड्रायव्हरचा वकील मालक देतो. ब्रेक नादुरुस्त होते हे सांगण्यात ड्रायव्हरचं हित, न सांगण्यात मालकाचं. अशा वेळी तो वकील कुणाचा?

तालुक्याच्या गावी वकील मोजके, नाती दाट. फिर्यादीचं खरेदीखतही त्यांनीच केलेलं असतं. एका प्रकरणात एका पक्षाचं काम केलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभं राहू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. तो अशिलांना मात्र क्वचितच ठाऊक असतो.

या नियमाची कसोटी साऱ्या देशाने पाहिली ती २००९ साली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातला जिवंत पकडलेला आरोपी अजमल कसाब याचं वकीलपत्र घ्यायला कुणी धजेना. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या मुस्लिम कबरस्तानाने जागा नाकारली होती, आणि त्या निर्णयामागे आम्हीही मनाने उभे होतो. पण कबर नाकारणं वेगळं आणि बचाव नाकारणं वेगळं. विशेष न्यायालयाने अंजली वाघमारे यांना नेमलं तेव्हा त्यांच्या घरावर दगडफेक झाली. त्या तरीही उभ्या राहिल्या. पुढे उघड झालं की हल्ल्याची झळ बसलेल्या एका साक्षीदाराच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणातही त्याच वकील होत्या. १५ एप्रिल २००९ रोजी न्यायाधीश एम. एल. ताहलियानी यांनी त्यांना दूर केलं आणि दुसऱ्या दिवशी अब्बास काझमी यांची नेमणूक केली. ज्या साक्षीदाराचं हित तुम्ही सांभाळता, त्याचीच उलटतपासणी तुम्ही कशी घेणार? साऱ्या देशाचा संताप ज्याच्यावर होता, त्याच्यासाठीसुद्धा न्यायालयाने हा प्रश्न टाळला नाही.

त्याच खटल्यात फहीम अन्सारी हा मुंबईचा आरोपी होता. त्याने हल्लेखोरांसाठी नकाशे काढले, असा आरोप. त्याचे वकील शाहिद आझमी. रक्ताने भिजलेल्या कपड्यांच्या खिशात सापडलेल्या नकाशावर रक्ताचा डाग कसा नाही, हा त्यांचा मुद्दा. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ३ मे २०१० रोजी फहीम निर्दोष सुटला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २९ ऑगस्ट २०१२ रोजी ते कायम ठेवलं. कसाबची फाशीही त्याच निकालाने कायम झाली. आरोपीला प्रथम हजर केलं जातं तेव्हाच, त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असंही त्यात बजावलं. त्याआधी डिसेंबर २०१० मध्ये, कुणाचंही वकीलपत्र घ्यायचं नाही असे वकील संघांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले होते.

एकाचा बचाव झाला म्हणून गुन्हेगार सुटला नाही, आणि दुसऱ्याचा बचाव झाला म्हणून निरपराध लटकला नाही. सूरह निसामध्ये, स्वतःच्या आणि नातलगांच्या विरुद्ध जात असला तरी न्यायाला धरून राहण्याचा हुकूम आहे. आम्ही तो जुम्म्याच्या बयानात ऐकतो.

तेव्हा एक गोष्ट आमच्या जमातीतही बोलली गेली पाहिजे. पोरगा पकडला गेला की आम्ही चंदा गोळा करतो, वकील देतो. चांगलंच करतो. पण मग बैठकीत विचारतो, ‘वकीलसाब, पोरगा काय म्हणाला?’ ते विचारायचा हक्क आम्हाला नाही, आणि सांगायचा हक्क वकिलालाही नाही. पैसा जमातीचा असेल, भावकीचा असेल, मालकाचा असेल. वकील मात्र आत बसलेल्या त्या पोराचा.