हुगळीकाठचं एकत्र घर

मराठी मुद्रणाचा इतिहास चाळू लागलं की पहिल्या काही पानांतच श्रीरामपूर हे नाव भेटतं, आणि ते नगर जिल्ह्यातलं नव्हे. १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि मत्तयाचं शुभवर्तमान, १८१० साली मोडी खिळ्यांत छापलेला कोश, १८१४ साली सिंहासन बत्तिशी, पुढच्या वर्षी हितोपदेश, १८१६ साली रघुजी भोसल्यांची वंशावळी. यांतलं एकही पुस्तक पुण्यात, मुंबईत किंवा नागपुरात निघालं नाही. ही सगळी पुस्तकं निघाली हुगळीच्या पश्चिम काठावर, डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालच्या एका चिमुकल्या गावात, इंग्लंडहून आलेल्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांच्या छापखान्यात. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली भारतातल्या मुद्रणकलेचा इतिहास लिहिला, त्या ग्रंथाच्या वाचकाला या गावाची ओढ लागणं स्वाभाविक आहे. एक प्रश्न मात्र पुस्तकं वाचून सुटत नाही. पेशवाईत मराठी मजकूर छापण्याची कोणाला निकड वाटली नाही, तेव्हा शेकडो कोस दूर बसलेल्या मूठभर परदेशी माणसांना ते जमलं कसं? उत्तर शोधायचं तर श्रीरामपूरला जावं लागतं.

हावड्याहून बंडेलकडे जाणाऱ्या लोकलनं श्रीरामपूर फार दूर नाही. स्टेशनाबाहेरून टोटोत, म्हणजे ई-रिक्षात, बसून नदीकडे निघालं की दाट वस्तीतून एकदम मोकळा घाट येतो आणि पलीकडच्या काठावर बराकपूर दिसतं. हा भूगोल ध्यानात ठेवायला हवा. बराकपूरला ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नर जनरलचा बागबंगला होता, आणि कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. १७९९ च्या ऑक्टोबरात जोशुआ आणि हॅना मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि त्यांचे सोबती जहाजातून उतरले ते म्हणूनच डॅनिश हद्दीत. गव्हर्नर ओले बी यानं त्यांना आसरा दिला आणि कंपनीच्या दबावापुढे तो झुकला नाही. त्यानं बांधायला घेतलेलं सेंट ओलाव्ह चर्च डागडुजीनंतर आज पुन्हा उजळलं आहे. जुना डेन्मार्क टॅव्हर्नही उभा राहिला आहे, आणि माहेशची रथयात्रा तर साऱ्या बंगालला ठाऊक आहे. ही ठिकाणं एका सकाळीत बघून होतात. गावात मुक्कामाची सोय जेमतेम, त्यामुळे बहुतेक प्रवासी संध्याकाळच्या गाडीनं कोलकात्याला परततात, आणि त्यांच्या पदरी वाटाड्यांकडून पडते ती ‘पहिलं’ या शब्दानं सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी आणि तीन नावं: केरी, मार्शमन, वॉर्ड.

माझा वाद या तीन नावांशी आहे. ती मोठी माणसं होती यात शंका नाही. पण श्रीरामपूरला जे घडलं ते तीन थोर पुरुषांचं कर्तृत्व म्हणून मांडलं की त्यातलं सगळ्यांत विलक्षण तेच निसटतं. या मिशनचं बळ एका घराच्या रोजच्या शिस्तीत होतं. १८०० च्या जानेवारीत विल्यम केरी आपलं बिऱ्हाड घेऊन येऊन मिळाला, आणि आठवड्याभरात या मंडळींनी घराचे नियम ठरवले. वॉर्डनं ते रोजनिशीत टिपून ठेवले आहेत. सगळ्या कुटुंबांनी एका मेजावर जेवायचं. उपदेश आणि प्रार्थना पाळीपाळीनं करायच्या. घराचा कारभार एकानं महिनाभर पाहायचा, मग दुसऱ्यानं. खजिना आणि औषधांची पेटी केरीकडे, ग्रंथसंग्रह त्यांच्यातल्याच फाउंटनकडे. खासगी फायद्यासाठी कोणी व्यापार करायचा नाही, जे मिळेल ते सामायिक तिजोरीत टाकायचं. आणि शनिवारची संध्याकाळ आठवडाभरातले आपसातले रुसवेफुगवे मिटवण्यासाठी राखून ठेवायची. धर्मप्रसाराच्या आराखड्यात भांडण मिटवण्याची वेळ नेमून देणारी ही माणसं स्वतःला ओळखून होती. ही रीत त्यांनी मोरेव्हियन पंथाच्या मिशनांकडून घेतली होती, पण ती इतक्या काटेकोरपणे इतकी वर्षं चालवणं हे त्यांचंच.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रतिभेचा. केरीसारखा भाषापंडित असल्यावर घराच्या नियमांना काय महत्त्व? त्याचं उत्तर केरीच्याच आयुष्यात आहे. १७९३ साली तो बंगालात उतरला आणि पुढली काही वर्षं माल्द्याच्या बाजूला मुदनाबाटीत निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक म्हणून राहिला. माणूस तोच, चिकाटी तीच. नव्या कराराचं बंगाली भाषांतर त्यानं तिथेच बहुतांशी उरकलं होतं, एक लाकडी छापयंत्रही मिळवलं होतं. तरी छापील पान निघालं नाही. श्रीरामपूरच्या घरात आल्यावर सव्वा वर्षाच्या आत बंगाली नवा करार छापून तयार झाला, कारण वॉर्ड पेशानं मुद्रक होता, आणि मार्शमन दांपत्यानं काढलेल्या निवासी शाळांच्या फीमधून पैसा उभा राहत होता. १८०६ सालच्या एका पत्रात केरीनं आपला एक दिवस सांगितला आहे. पावणेसहाला उठणं, हिब्रू बायबलचा अध्याय, नोकरचाकरांसह बंगालीत प्रार्थना, चहा होईतो मुन्शीजवळ फारसी, न्याहारीआधी हिंदुस्तानी, मग पंडिताबरोबर संस्कृत रामायणाचं भाषांतर, दुपारपर्यंत फोर्ट विल्यम कॉलेजात अध्यापन, त्यानंतर मुद्रितं तपासणं, पुन्हा संस्कृत, दिवेलागणीनंतर तेलुगू पंडित, प्रवचन, आणि रात्री अकरा वाजत येईपर्यंत पुन्हा बंगाली भाषांतर. हे वाचून थक्क व्हायला होतं. पण या दिवसात बाजारहाट नाही, पोरांचं दुखणंखुपणं नाही, हिशेबाची वही नाही. ते सगळं दुसरं कोणीतरी करत होतं, आणि त्यातला मोठा वाटा हॅना मार्शमनचा होता. मुलींची शाळा, घरातल्या माणसांचं जेवणखाण, स्वतःची मुलं, शिवाय केरीची आईकडून दुर्लक्षित झालेली मुलं, हे सगळं तिच्या अंगावर होतं. तिचाच मुलगा जॉन क्लार्क मार्शमन यानं १८५९ साली या मिशनचा दोन खंडांत इतिहास लिहिला. तो ग्रंथ मोलाचा आहे, पण त्याच्या शीर्षकात आणि मांडणीत तीन पुरुषच आहेत. ज्या घरात तो वाढला त्या घराचा इतिहास त्यानं लिहिला असता तर आज वाटाड्यांना चौथं नावही ठाऊक असतं.

पैशाची गोष्ट जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे. १८०१ मध्ये केरी फोर्ट विल्यम कॉलेजात रुजू झाला तेव्हा त्याला महिना ५०० रुपये मिळत, पुढे ते १००० झाले. त्या काळी ही मोठी रक्कम. ती सामायिक तिजोरीत जाई, आणि केरीच्या हाती खर्चापुरता भत्ता येई. दरबारी ऊठबस करावी लागे म्हणून कपड्यांसाठी थोडं जास्त. मराठी वाचकाला इथे डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आठवण होणारच. आजीव सभासदांनी बाहेर कमाई करावी की नाही या वादातून टिळक १८९० साली बाहेर पडले, आणि त्यागाचा आदर्श म्हणून राजीनाम्याच्या पत्रात त्यांनी जेझुइटांचा दाखला दिला. श्रीरामपूरच्या मंडळींनी बाहेरच्या कमाईला बंदी न करता त्या कमाईवरचा खासगी हक्क काढून टाकला. त्यामुळे बाहेर काम करण्याची मुभा आणि संस्थेची निष्ठा यांत निवड करण्याची वेळ केरीवर आली नाही. १८१२ च्या ११ मार्चला छापखाना जळाला, हस्तलिखितं आणि कागदाचे गठ्ठे राख झाले. पण छापयंत्रं वाचली होती, राखेत पंच आणि मातृका शाबूत सापडल्या, आणि वितळलेल्या धातूतून वॉर्डनं लगेच नवे खिळे ओतायला घेतले. इंग्लंडची मदत पुढे आली. काम मात्र तिची वाट पाहत थांबलं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि महाराष्ट्रात तो हमखास ऐकू येतो: शाळा, कोश, व्याकरण ही सगळी धर्मांतराची साधनं होती, त्यांचं कौतुक कशाला? साधनं होती हे खरंच आहे, आणि मिशनऱ्यांनी ते कधी लपवलं नाही. ते त्यासाठीच आले होते. पण हेतू एक असला म्हणून परिणाम त्यातच मावतो असं नाही. १८०० च्या डिसेंबरात कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला. खांदा निखळला तेव्हा मिशनमधल्या डॉक्टर थॉमसनं तो बसवून दिला होता, तिथून ही ओळख वाढली. बाप्तिस्म्याच्या काही दिवस आधी तो आणि त्याचा मित्र गोकुळ मिशनच्या घरात सगळ्यांबरोबर जेवायला बसले. गावात गहजब झाला तो या जेवणावरून. पुढे १८०३ मध्ये कृष्ण पालच्या मुलीचं लग्न ब्राह्मणकुळातून ख्रिस्ती झालेल्या तरुणाशी लागलं. ज्यांना पंक्तिभेद म्हणजे काय ते ठाऊक आहे त्यांना या दोन घटनांचं वजन वेगळं समजावून द्यायला नको. शिवाय १८०५ च्या करारात या मंडळींनी ठरवलं की लोकांच्या देवांची टवाळी करायची नाही आणि नव्या ख्रिस्त्यांची मूळ नावं बदलायची नाहीत. हा करार वर्षातून तीनदा प्रत्येक ठाण्यावर वाचला जाई. सामायिक घराचा स्वभावच त्यांनी बाहेरच्या वागण्याला लावला होता.

मात्र या मांडणीतला सगळ्यांत दुबळा दुवा मला तिसऱ्या आक्षेपात दिसतो, आणि तो टाळता येत नाही. ज्यांच्या हातांनी हे काम झालं ते या मेजावर नव्हते, तिजोरीतही त्यांचा वाटा नव्हता. पंचानन कर्मकार हा खिळ्यांचे पंच कोरणारा कसबी कारागीर. हॅल्हेडच्या १७७८ सालच्या बंगाली व्याकरणासाठी त्यानं खिळे पाडणाऱ्या विल्किन्सबरोबर काम केलं होतं. त्याच्यामागून त्याचा जावई मनोहर याच छापखान्यात चाळीस वर्षं राबला, समोर आपलं दैवत ठेवून शुभवर्तमानाची अक्षरं कोरत राहिला. मराठीच्या कामामागे वैद्यनाथ पंडित होता. केरीचं मराठीचं ज्ञान बव्हंशी त्याच्यातून आलेलं, आणि त्याच्याविषयी मराठीतही फारसं कोणी लिहिलेलं नाही. ही सगळी पगारी माणसं होती. आपली जात, आपला धर्म सांभाळून ती येत आणि घरी जात. कोणी म्हणेल, त्यांना सामायिक मेजावर यायचंच नव्हतं. पंडितांच्या बाबतीत हे बरोबर आहे. पण श्रेयाच्या बाबतीत ते लागू होत नाही, कारण मुखपृष्ठावर नाव छापायला पंक्तीचा अडसर नसतो. कामाच्या दर्जावरही याचा परिणाम झाला. एका माणसानं इतक्या भाषांवर देखरेख करायची म्हटल्यावर भाषांतरं कच्ची राहणारच. श्रीरामपूरचं मराठी बायबल पश्चिम महाराष्ट्रात चाललं नाही. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला पोचले आणि त्यांच्या अमेरिकन मिशनला हे काम नव्यानं हाती घ्यावं लागलं.

मिशनच्या जुन्या दफनभूमीकडे वळल्यावर हिशेबाची ही दुसरी बाजू जास्तच जाणवते. पाहण्याच्या ठिकाणांची यादी इथे गळून पडते. कॉलेजची आयोनिक खांबांची भव्य इमारत, नदीवरचा वारा, सगळं मागे राहतं, आणि मन डोरोथी केरीपाशी अडकतं. तिला हिंदुस्थानात यायचं नव्हतं. तान्हं मूल घेऊन ती आली, १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर दगावला, आणि त्यानंतर तिचं मन कायमचं ढळलं. १८०७ मध्ये मरण येईपर्यंत ती बहुतेक काळ खोलीत कोंडून होती, आणि शेजारच्या खोलीत भाषांतर चालू होतं. सामायिक घरानं तिच्या मुलांना सांभाळलं, तिच्या नवऱ्याला कामासाठी मोकळं ठेवलं. तिच्यासाठी त्या घरात जागा उरली ती बंद दाराआडची. या गावाचं कौतुक करताना हे सांगितलं नाही, तर ते कौतुक खोटं ठरेल.

शेवटचा आक्षेप असा की हे घर शेवटी मोडलंच. मोडलं, हे खरं. नंतर आलेल्या तरुण मिशनऱ्यांना, त्यांत केरीचा पुतण्या युस्टेसही होता, तिघा ज्येष्ठांची सत्ता जाचू लागली. १८१७ च्या सुमारास ते कोलकात्याला निघून गेले. मालमत्ता कोणाची यावर इंग्लंडमधल्या मिशनच्या समितीशी वर्षानुवर्षं पत्रापत्री झाली. श्रीरामपूरकर थाटात राहतात असे आरोप छापून आले, आणि १८२७ मध्ये दोन्ही बाजू रीतसर वेगळ्या झाल्या. माझ्या मते तरुणांचा मुद्दा रास्त होता. १८०० साली कारभार दर महिन्याला हात बदलत होता. पंधरा वर्षांनी तिजोरी सामायिक राहिली आणि निर्णय मात्र तिघांचे झाले. पण म्हणून मूळ नियम फोल ठरतो का? कोलकात्याला गेलेल्या याच तरुणांनी तिथे काय केलं ते पाहावं. छपाईचं काम इंग्लंडातच शिकून आलेल्या विल्यम पियर्सनं १८१८ मध्ये बॅप्टिस्ट मिशन प्रेस उभा केला, त्यांनी शाळा काढल्या, आणि सगळ्यांची कमाई पुन्हा एका सामायिक निधीत टाकायला सुरुवात केली.